फासे आणि कथा (भाग ८) : पात्राला नियम ठाऊक असतो का?

मागच्या भागात आपण हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं याचा आकडा, कसे मोजतात ते पाहिलं. त्याच आकड्यांवरून अनेक टेबलांवर हमखास वाद होतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या नियमांनुसार उंचावरून पडल्यास दर १० फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, पण एकूण फासे २०च्या वर न्यायचे नाहीत. म्हणजे नुकसान फार तर १२०. पंधराव्या लेव्हलच्या, अंगापिंडाने बऱ्यापैकी दणकट फायटरकडे १२४ हिट पॉइंट सहज असतात. मागे ड्रॅगन, पुढे हजार फुटांचा कडा. खेळाडू कागदावर वजाबाकी करतो आणि म्हणतो, "मी उडी मारतो." चार पॉइंट शिल्लक ठेवून फायटर खाली उभा राहतो आणि रात्रभर झोप काढून सकाळी ठणठणीत उठतो.

नियमाविरुद्ध काहीच झालेलं नाही. तरी टेबलावरच्या निम्म्या लोकांना खटकतं, कारण ती वजाबाकी खेळाडूने केली. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाला काय माहीत होतं?

बुद्धिबळात उंट तिरका का चालतो, असं कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नाही, कारण तिथे आपण उंट झालेलो नसतो. रोलप्लेइंग खेळात मात्र आपण पात्राच्या जागी उभे राहून ठरवतो. म्हणून नियमाला त्या जगातलं कारण हवं का, हा प्रश्न इथे खरा आहे.

या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये हिट पॉइंटचं कारण दिलं होतं. लेव्हल वाढली म्हणून शरीर तितक्या पटीने जास्त घाव सोसू लागत नाही. त्या आकड्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा असं बरंच काही धरलेलं आहे. तलवारबाजीत हे पटतं. वार जिव्हारी बसायचा तो खांद्याला चाटून गेला, असं सांगता येतं. कड्यावर ते टिकत नाही, कारण आपलं नशीब अजून किती उरलंय याचा हिशेब करून कुणी शहाणा माणूस उडी मारत नाही.

माझं मत यातूनच बनलं आहे. प्रत्येक नियमाला कारण चिकटवण्याची गरज नाही. पण जो निर्णय पात्र स्वतः घेतं, त्यामागचं कारण पात्रालाही कळलं पाहिजे. जॅक व्हान्स यांच्या १९५०च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून या खेळात आलेला मंत्रांचा नियम पाहा. जुन्या आवृत्त्यांत मंत्र सकाळी पाठ करायचा, एकदा उच्चारला की तो डोक्यातून पुसला जाई. कल्पना विचित्र आहे, पण 'आज आगीचा गोळा घेऊ की उडण्याचा मंत्र?' हा पेच खेळाडू आणि जादूगार दोघांनाही एकाच वेळी, एकाच शब्दांत पडे.

२००८च्या चौथ्या आवृत्तीत हेच धागे सुटले. फायटरच्या 'कम अँड गेट इट' या डावाने आसपासचे शत्रू आपणहून जवळ ओढले जात आणि त्याचा वार झेलत. डिवचल्यामुळे चवताळून आले म्हणावं, तर मेंदूच नसलेला लिबलिबीत गोळाही तसाच सरकत येई. शिवाय एका चकमकीत हा डाव एकदाच. दुसऱ्यांदा का नाही, याचं उत्तर फायटरकडे नव्हतं. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकी लेखकाने अशा नियमांवर सविस्तर टीका केली. पात्राच्या निर्णयाशी नातं तुटलेले नियम, हा त्याचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. टेबलावर दर वेळी नवी सबब शोधत बसणं हा त्यावरचा उपाय नाही.

'ब्लेड्स इन द डार्क' हा २०१७चा खेळ उलट वाट धरतो. चोर तिजोरीपाशी अडकला की खेळाडू थोडा 'स्ट्रेस' मोजून सांगू शकतो, की पहारेकऱ्याला त्याने कालच पैसे चारले होते. इथे काही बिघडत नाही. हा निर्णय कथा सांगणाऱ्याचा आहे, चोराचा नाही, आणि खेळ ते लपवतही नाही.

कारणं देण्यात सगळ्यात पुढे गेला तो १९९३चा 'अर्थडॉन'. त्यात लेव्हलला 'सर्कल' म्हणतात आणि पात्रं आपापलं सर्कल जाणतात, त्याबद्दल बोलतात, कारण त्यांचं कसब मुळात जादूवरच चालतं. इतर खेळांत जमिनीखाली सापळ्यांनी भरलेली भुयारं कुणी नि कशाला बांधली, हे सहसा कुणी सांगत नाही. इथे 'हॉरर' नावाच्या भयंकर जीवांपासून वाचायला लोक पिढ्यान्‌पिढ्या भूमिगत राहिले. सापळे त्या जीवांसाठी होते, आणि जिथे ते अपुरे पडले तिथे माणसं मेली, संपत्ती तेवढी राहिली. भुयारात उतरणाऱ्या खेळाडूला मग सापळा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. तो बांधणाऱ्याच्या भीतीचा विचार करू लागतो.

याची किंमतही आहे. 'अर्थडॉन'चे नियम त्या एकाच जगात इतके घट्ट रुजलेत की ते उचलून स्वतःच्या कल्पनेतल्या राज्यात लावणं जड जातं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने कारणं मोघम ठेवली, म्हणून कुणीही आपलं जग रचून त्यात हा खेळ बसवू शकतो. घरचं जग रचणाऱ्या डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, मग निदान कड्याचं उत्तर पहिल्या दिवशीच सर्वांसमोर ठरवून टाकावं.