भोपाळची उंची आणि इंजिनाचा दाब

गोव्यातून भोपाळला नेलेल्या पेट्रोल मोटारीच्या सिलिंडरांतील दाब तेथे घरच्या अंगणात मोजला, तर काटा थोडा खालीच थांबतो. त्यात दोष इंजिनाचा नसतो. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसले आहे आणि तेथील हवेचा दाब पणजीपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. पणजीत १८० पीएसआय दाखवणारे धडधाकट इंजिन तेथे १७० च्या आसपास दाखवते. एवढ्यावरून इंजिन उघडायला काढणे म्हणजे नाहक भुर्दंड.

म्हणून एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत पाहावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन गरम करावे व बंद करावे. मग इंधनपंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलच्या जोडण्या काढाव्यात. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र आल्यास भडका उडतो. सर्व स्पार्क प्लग काढून एकेका छिद्रात गेज बसवावे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि काटा स्थिरावेपर्यंत स्टार्टर फिरवावा. बॅटरी अशक्त असेल तर सगळेच आकडे फसवे निघतात.

सर्वांत कमी आकडा सर्वाधिक आकड्याच्या पाऊणपटीखाली गेल्यास त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याची शक्यता अधिक. न वाढल्यास संशय व्हॉल्व्हवर जातो. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच घसरला असेल तर बहुधा हेड गास्केट फुटलेले असते. डिझेल इंजिनाला मात्र हे गेज लावू नये. तेथे दाब ३०० पीएसआयच्याही वर जातो.