पाचशे रुपयांचा प्रश्न

वडिलांच्या मोपेडच्या नावे ५०० रुपयांचे ई-चलन आले. छायाचित्रातील गाडी मात्र भलत्याचीच. क्रमांकातील ३ चा ८ वाचला गेला होता. वडील म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भरून टाक." मी मोटार वाहन कायदा, १९८८ उघडला. कलम २०० प्रमाणे तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण मिटते. पण आपली बाजू मांडायची राहूनच जाते. न्यायालयात पुरावा दाखवता येतो, मात्र प्रत्येक खेपेला वडिलांचा रोज बुडणार. चूक आपली असेल तर मुकाट्याने भरावे. नसेल तर आधी वाहतूक शाखेकडे छायाचित्रासह लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास न्यायालय. आमच्या घरात अर्ज लिहिणारा मीच पहिला. अर्ज मी लिहिला, सही वडिलांनी केली. उत्तराची वाट पाहत आहोत.