श्वासावरची नोकरी

कबड्डीपटूच्या आयुष्यभराच्या कसबाची परीक्षा मध्यरेषेपलीकडच्या अर्ध्या मिनिटात होते. एकाच दमात अखंड उच्चार करीत, सात प्रतिस्पर्ध्यांची साखळी न्याहाळीत, मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असलेली निदानरेषा ओलांडून तो परत वळतो, त्याच क्षणी कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेप घेतो, मध्यरक्षक कमरेला विळखा घालतो, आणि उरल्यासुरल्या श्वासावर त्याला स्वतःच्या अंगणाकडे देह झोकून द्यावा लागतो.

घाटकोपर-मुलुंडकडच्या मंडळांचा सायंकाळचा सराव पाहताना एक गोष्ट माझ्या मनावर ठसली: नवखा प्रेक्षक चढाई करणाऱ्याकडे पाहतो, जुना खेळाडू मात्र रक्षकांच्या पायांकडे. साखळीतील एकाने हात सोडण्याची घाई केली, तर उरलेल्यांचा पराक्रम व्यर्थ जातो. म्हणूनच मार्गदर्शक पकडीपूर्वी मुलांना हातात हात गुंफून नुसते सरकायला लावतात. गुडघे सोलवटतात, बोटे सांध्यांतून निखळतात, आणि त्यांवर पट्टी बांधून मुले पुन्हा मातीत उतरतात.

ज्या हुतूतूचे, म्हणजेच कबड्डीचे, प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये घडविले, त्याचा अखिल भारतीय महासंघ १९५० साली स्थापन झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी पुढे या खेळासाठी आयुष्य वेचले, आणि १९७२ साली सदानंद शेट्टी यांच्या रूपाने कबड्डीला पहिला अर्जुन पुरस्कार लाभला. परंतु या सन्मानांच्या काळात खेळाला वेतन नव्हते. वेतन होते ते खेळामुळे मिळणाऱ्या नोकरीला. रेल्वे, गोदी, बँका, महिंद्रसारखे कारखाने यांच्या संघांत निवड झाली, की चाळीतल्या मुलाचे नाव हजेरीपटावर चढे, सामन्यांसाठी रजा मंजूर होई, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावरही महिन्याच्या पगाराची शाश्वती राही. त्याच काळात अमेरिकेतील कित्येक व्यावसायिक फुटबॉलपटू हंगाम संपताच विमा विकण्यासारखी कामे करून संसार चालवीत. तेथे खेळाच्या मिळकतीला नोकरीची जोड लागे, येथे नोकरी हीच खेळाची मिळकत होती.

पुढे खेळालाच मोल आले. २०१४ साली प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या लिलावात राकेश कुमार याला १२.८० लाख रुपये मिळाले. २०१८ साली मुंबईकर रिशांक देवाडिगाची बोली १.११ कोटींवर गेली. ज्या खेळाने नोकरीखेरीज पिढ्यान्‌पिढ्या केवळ ढाली आणि पेले दिले, त्याच्या खेळाडूला हे धन मिळावे यात मला निर्भेळ आनंद आहे. तथापि लिलाव थोड्यांचाच होतो आणि त्याचा आकडा हंगामापुरता असतो, तर ज्या देहावर तो लागतो त्याची उमेद तिशीच्या पुढेमागे ओसरते. म्हणून उपनगरांतील मैदानांवर रोज घाम गाळणाऱ्या शेकडो मुलांसाठी खेळाडूंच्या राखीव जागा आणि कायम नोकऱ्या टिकल्या पाहिजेत. देह हेच ज्याचे भांडवल, त्याच्या उत्तरायुष्याची तरतूद करणे हे ज्यांनी त्याच्या चढाईवर टाळ्या वाजविल्या त्या समाजाचे कर्तव्य आहे.