कमरेची सुरी

भीमाकाठच्या अफजलपूर तालुक्यात उसाच्या व तुरीच्या रानांत वावरणाऱ्या माणसाला सुतळी कापावयास, डहाळी छाटावयास लहानशी सुरी जवळ लागतेच. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात माती शिरते. न मिटणाऱ्या सुरीला ती अडचण नाही. परंतु बाजारात गिऱ्हाईक भुलते ते पात्याच्या चकाकीला! पाहावयाची ती मूठ. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले व खिळ्यांनी जखडलेले असावे. बोटभरच आत शिरलेले पाते ऐन जोराच्या वेळी निखळते आणि तळहात फाडते.

मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून लोहाराने घडविलेली सुरी स्वस्त पडते, आणि तिला नीट पाणी दिलेले असल्यास धारही टिकते. मुठीजवळच्या धारेवर कानस हलकेच फिरवावी : ती घसरली तर पोलाद कठीण, चावली तर मऊ. गंज मात्र असल्या पोलादाला लवकर चढतो. ओल पुसून तेलाचे बोट फिरविले की पुरे.

पाते चार बोटांचे पुष्कळ झाले. 2016 च्या शस्त्र नियमावलीप्रमाणे नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रात मोडते. घरकामाची, शेतीची, शास्त्रीय व औद्योगिक कामाची अवजारे तेवढी वगळली आहेत. म्यान जाड कातड्याचे घ्यावे, आणि उकिडवे बसताना टोक मांडीत रुतणार नाही अशा बेताने बांधावे.