खूण आणि प्रतीक

खूण ओळखीपुरती असते. प्रतीक ओळख पटवून थांबत नाही, ते भावनाही जागी करते. हा भेद केवळ तात्त्विक वाटेल. परंतु स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो व्यवहाराचा प्रश्न होऊन उभा राहिला. १९५१-५२ साली मतदार होते सतरा कोटींहून अधिक, आणि देशात साक्षर होते शंभरांत सुमारे अठरा. ज्याला उमेदवाराचे नाव वाचता येत नाही, त्याने आपले मत गुप्तपणे आणि निःसंशय कसे द्यावे? निवडणूक आयोगाने चित्राचा आश्रय घेतला. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने पडद्याआड जाऊन, काहीही न लिहिता, मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची.

चिन्हे सर्वांच्या परिचयाची असावीत, पण त्यांना धर्माचा वा भावनेचा स्पर्श नसावा, असा दंडक होता. म्हणून गाय, देऊळ, राष्ट्रध्वज आणि चरखा यादीबाहेर राहिले. आयोगाला खुणा हव्या होत्या, प्रतीके नकोत. काँग्रेसला बैलजोडी मिळाली, समाजवादी पक्षाला झाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. आता, ज्या देशात पोळ्याला बैल ओवाळला जातो, तेथे बैलजोडी ही नुसती खूण राहील, ही अपेक्षा जरा भाबडीच म्हटली पाहिजे!

१९६९ साली काँग्रेस दुभंगली, तेव्हा भांडण बैलजोडीसाठीही झाले. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत ती कोणत्याच गटाला वापरता आली नाही. एका गटाला गायवासरू मिळाले, दुसऱ्याला चरखा चालवणारी स्त्री. वीस वर्षांपूर्वी ज्यांना दार बंद होते, ती गाय आणि तो चरखा अशा रीतीने आत आले.

२०११ च्या जनगणनेत साक्षरता शेकडा ७४ झाली होती. तरी मतदानयंत्रावर नावाशेजारी चित्र आहेच. मात्र २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात निराळाच पेच पडला. एका पक्षाचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि काही अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेट या वाद्याचे मराठी नावही ‘तुतारी’ असेच छापले गेले. चित्रे भिन्न होती, तरी मतदार फसले अशी त्या पक्षाची तक्रार होती. निरक्षरांसाठी योजलेल्या चित्राचा घोटाळा या वेळी झाला तो त्याच्या नावाने.