काळजी कुठे राहते?

इंग्रजीतले 'वरी' हे क्रियापद आपण 'काळजी करणे' या अर्थाने शिकवतो. त्याचा मूळ अर्थ मात्र 'गळा आवळणे' असा होता. पुढे लांडग्याने मेंढीचा गळा धरून तिला झटके देणे, मग सतावणे, असे अर्थ आले. 'मनाला घोर लागणे' हा आजचा अर्थ 19व्या शतकात रूढ झाला. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'व्युर्गन' आजही गळा आवळण्यासाठीच वापरतात.

मराठीने वेगळी जागा निवडली. 'काळजी'चे नाते काळजाशी, म्हणजे मुळात यकृताशी, जोडले जाते. संस्कृतातून आलेली 'चिंता' आणि अरबीतून आलेली 'फिकीर' यांचा मूळ अर्थ मात्र नुसता 'विचार'!

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटी पेरल्यावर पावसाने खंड दिला, की दुबार पेरणीचा घोर घरातून वर्गातही येऊन बसतो. अशा मुलाला 'काळजी करू नकोस' एवढे सांगून भागत नाही. पण मराठीत काळजी 'करता' येते, तशी 'घेता'ही येते. क्रियापद बदलले की तोच शब्द घोर न राहता जपणूक होतो. 'वरी'ला ही सोय नाही. दोन्ही क्रियापदे घेऊन मुलांकडून वाक्ये करवून घेऊ या. हा फरक त्यांनाच सापडू दे.