शून्य सावलीच्या दिवशी बसणार कुठे?

अंगणात मोरपंखी लावायची की बदाम? प्रश्न साधा वाटतो. पण चुकीचं उत्तर दिलंत, तर पुढची वीस-पंचवीस वर्षं घरचे तुमच्या नावाने बोटं मोडतील!

समजा, सेमिस्टर संपलंय. सॅक पाठीला लावून तुम्ही मालवणच्या स्टँडवर उतरलात आणि तिथून सहा-सात किलोमीटरवरच्या तारकर्लीत घरी पोहोचलात. घरच्यांनी पर्यटकांसाठी मागे दोन नव्या खोल्या काढल्यात. पुढच्या अंगणात मात्र एक जागा अजून रिकामी आहे. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा तिथलं जुनं झाड आडवं झालं होतं. आता बाबा म्हणतात, ‘‘तुम्ही शिकलेली पोरं. मोबाइलवर बघा आणि काय लावायचं ते ठरवा.’’

लगेच दोन पार्ट्या पडतात. धाकट्या बहिणीला रिसॉर्टसारखी मोरपंखीची रांग हवी असते. बारा महिने हिरवी, आटोपशीर, फोटोत छान. आजीला हवा असतो बदाम. मोरपंखीचा फोटो बघून ती एकच विचारते, ‘‘ह्येच्या खाली कोण बसतलो?’’ आणि आई दोघींचं ऐकून घेते व मुद्द्याचं बोलते, ‘‘झाड खयचाय लावा, पण पातेरो कोण लोटतलो?’’

हे तीन प्रश्न नीट ऐका. सगळं उत्तर त्यांच्यातच आहे.

वहीतली ‘विद्या’

मोरपंखी तुम्हाला अनोळखी नाही. तिचं चपटं, नक्षीदार पान तुम्ही शाळेत असताना वहीत ठेवलेलं असणार, ‘विद्या’ म्हणून. परीक्षेत त्याचा किती उपयोग झाला ते तुमचं तुम्हाला माहीत! ही मोरपंखी म्हणजे सूचिपर्णी वर्गातली वनस्पती. देवदार आणि पाइनची ही लांबची नातेवाईक, मूळची चीन-कोरियाकडची.

नर्सरीत तिचे गोल, सोनेरी झाक असलेले बुटके प्रकार मिळतात. दिसायला सुंदर, वाढायला सावकाश. पण इथे पहिली मेख आहे. खरा बुटका प्रकार फांदीपासून तयार केलेला असतो. बियांपासून केलेलं रोप ‘डॉर्फ’ म्हणून घेतलंत, तर काही वर्षांत ते तुमच्या डोक्यावरून जाईल. मोरपंखी मुळात झुडूप नसून चांगलं उंच होणारं झाड आहे. त्यामुळे विकत घेताना ‘कलम की बी?’ हे विचाराच.

दुसरी मेख छाटणीची. जास्वंद किंवा कढीपत्ता कितीही खाली छाटा, पुन्हा फुटतो. मोरपंखीचं तसं नाही. हिरवा भाग संपून आतलं जुनं लाकूड उघडं पडलं की तिथून सहसा नवी पालवी येत नाही. पावसाळ्यातल्या दमटपणाने किंवा समोरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने एक बाजू करपली, तर तो तपकिरी डाग तसाच राहतो. म्हणजे फोटोसाठी लावलेलं झाड फोटोतून कापायची वेळ येते.

‘पण किनाऱ्यावर सुरू आहे की!’

हा मुद्दा तुमच्यातलं कुणीतरी काढणारच. तारकर्लीच्या पुळणीवर सुयांसारख्या पानांचं सुरूचं बन उभं आहे. त्याला शंकूसारखी फळंही लागतात. मग सूचिपर्णी झाड इथे चालतं, हे सिद्ध झालं ना?

नाही झालं. पुढच्या वेळी बनात गेलात की सुरूची एक ‘सुई’ हातात घ्या आणि हळूच ओढा. ती पेरापेरावर सुटते. कारण ती सुई म्हणजे पान नाहीच, ती बारीक हिरवी डहाळी आहे. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरावरचे इवलेसे खवले. सुरू सूचिपर्णी नसून फुलं येणाऱ्या झाडांपैकी आहे. गंमत म्हणजे फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रस, खराखुरा सूचिपर्णी वृक्ष. ते नाव मराठीत येऊन ‘सुरू’ झालं आणि दिसायला साधारण तसंच असलेल्या या झाडाला चिकटलं. त्याची लागवड आपल्या खालच्या कारवारला १८६८च्या सुमारास सुरू झाली, ती जळाऊ लाकडासाठी. पुढे वारा अडवायला आणि वाळू धरून ठेवायला ते किनारोकिनारी लावलं गेलं.

तेव्हा सुरू तगतो म्हणून मोरपंखी तगेल, असं गणित मांडू नका. समुद्राचा वारा खरोखर सोसणारं एक सूचिपर्णी झाड आहे. नाताळात कुंडीत दिसणारं, मजल्यांसारख्या फांद्यांचं अरॉकेरिया. पण जमिनीत लावलंत तर ते माडाशी उंचीची स्पर्धा करेल. बुटकं राहायची अपेक्षा त्याच्याकडून नको.

पान गळतं, पण कधी?

आता आजीचा बदाम. सुक्या मेव्यातला नव्हे, आपला देशी बदाम. दगडावर फळ फोडून आतली बारीकशी बी खायची, तो. हे झाडच किनाऱ्याचं आहे. हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या किनाऱ्यांवर ते वाढतं. फळ हलकं असतं, पाण्यावर तरंगतं आणि लाटांबरोबर दुसऱ्या गावाला जाऊन रुजतं. वाळू आणि खारा वारा यांची त्याला जन्मापासून सवय आहे.

बदाम पानं गाळतो. थंडीत ही मोठाली पानं लालभडक होतात आणि खाली येतात. पानांचा रंग बदलताना बघायला लोक काश्मीरला चिनार बघायला जातात, इथे तो सोहळा अंगणात फुकट होतो. पानं गळतात आणि लगेच पोपटी पालवी फुटते. मार्चच्या उन्हाचा चटका बसू लागतो, तोवर छत्री पुन्हा उघडलेली असते.

नेमकं हेच बघायचं असतं. ‘पानगळीचं झाड लावा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळतं,’ हा सल्ला तुम्ही व्हिडिओत ऐकलेला असतो. तो थंड देशांतला आहे. तिकडची झाडं थंडीसाठी पानं गाळतात. आपल्याकडची बरीचशी झाडं कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला पानं गाळतात. पांगारा आणि सावर बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी पेटलेली असतात, पण अंगावर पान नसतं. बघायला सुरेख, बसायला नाही. म्हणून झाड पानगळीचं की सदाहरित, हे विचारून थांबू नका. ते कुठल्या महिन्यात उघडं असतं आणि किती दिवस, हे विचारा.

सूर्य डोक्यावर येतो तेव्हा

आजीच्या प्रश्नाचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकातही आहे. तारकर्ली साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. हाच शून्य सावलीचा दिवस. अंगणात काठी उभी करा, तिची सावली पडणार नाही.

त्या दुपारी मोरपंखीची रांग काय करेल? प्रत्येक झुडपाची सावली त्याच्याच बुंध्याशी गोळा होईल. तिथे मांजरसुद्धा मावणार नाही. बदामाच्या फांद्या मात्र आडव्या पसरतात, एकावर एक मजले रचल्यासारख्या. सूर्य डोक्यावर असला तरी फांद्यांचा जेवढा पसारा, तेवढी सावली. शिवाय पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असल्याने झाडाखालची हवाही थोडी निवते.

दुपार कलली की ऊन पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राच्या बाजूने घरावर येतं. पावसाळ्यातला वाराही तिकडूनच. म्हणून सावलीचं झाड पश्चिमेला हवं आणि ते खारं वारं सोसणारं हवं. पानगळ अजिबात नको असेल, तर उंडी आहे. सदाहरित, दाट सावलीची, आपल्याच किनाऱ्याची. वाढते सावकाश, एवढंच.

आणि मोरपंखी? तिला हद्दपार करू नका. घराच्या पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला, दारापाशी दोन कुंड्यांत ती छान शोभेल. बहिणीचा फोटोही होईल. शोभा कुंडीत आणि सावली जमिनीत, एवढी वाटणी केली की भांडण मिटतं.

आता आईचा प्रश्न

राहिला पातेरा. बदामाची पानं मोठी, चिवट आणि लवकर न कुजणारी. पानगळीच्या दिवसांत सकाळी लोटलेलं अंगण दुपारी पुन्हा भरतं. रात्री वटवाघळं फळं खाऊन बिया टाकतात, ते वेगळंच. हे लपवून झाड लावलंत, तर सावली सगळ्यांची आणि झाडू आईचा, असं होईल. बहुतेक घरांत तेच होतं.

तेव्हा कामाची वाटणी आधी करा. पातेरा जाळू नका, माडाच्या आळ्यात टाका. वाळूत पाणी ठरत नाही, पानांच्या थराखाली ओल टिकते आणि हळूहळू माती तयार होते. पुढच्या डिसेंबरात घरी आलात की सकाळचा झाडू तुमचा, हे आत्ताच कबूल करा. आईच्या प्रश्नाला तेवढंच उत्तर आहे.

खड्डा खणण्याआधी

• झाडाने करायचं काम एका वाक्यात सांगता येतं का?
• एप्रिल-मेमध्ये त्याच्या अंगावर पानं असतील का?
• पूर्ण वाढल्यावर ते भिंत, विहीर, विजेची तार यांना भिडेल का? बदाम घरापासून निदान पंधरा-वीस फुटांवर हवा.
• समुद्राकडचा वारा त्याला थेट लागणार आहे का?
• पातेरा कोण लोटणार, ते नावानिशी ठरलंय का?

उत्तरं मिळाली की पुळणीवरून एक पिकलेलं बदामाचं फळ उचला आणि पिशवीत रुजत घाला. फुकटात रोप मिळेल. मृगाचा पाऊस नीट लागला की ते जमिनीत जाऊ द्या. खाली खुर्ची टाकायला चार-पाच वर्षं लागतील. तोवर अंगणात झापांचा माटव घाला आणि पाहुण्यांना त्याच्याखाली सोलकढी द्या. आजीची खुर्ची मात्र कुठे येणार, ती जागा तिलाच विचारून आत्ता ठरवून ठेवा. खड्डा त्या हिशेबाने खणायचाय.